द्राक्षाचे पैसे बुडवून व्यापारी पसार, ठाण्यात गुन्हा नोंदवत नाहीत. कोर्टातून आदेश आणता येतो का?

बागाईतदार | २ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय तोही रडगाण्याचा. सांभाळून घ्या.

दोन एकर थॉमसन आहे. यंदा माल बरा निघाला. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सौदा झाला, ४२ रुपये किलो. व्यापारी बाहेरच्या जिल्ह्यातला, गावात खोली भाड्यानं घेऊन राहिला होता. तीन दिवसांत ११ टन उचलले. ४,६२,००० झाले. सौद्याला १ लाख रोख दिले, बाकी ३,६२,००० चे दोन चेक, १५ मार्च तारखेचे. १७ ला भरले, १८ ला परत आले. शेरा: खाते बंद. फोनही बंद. खोलीला कुलूप, घरमालकाचं भाडंसुद्धा बाकी. विचारपूस केली तर आमच्याच शिवारातले आणखी पाच जण असेच अडकलेत.

ठाण्यात तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्यांदा अंमलदारांनी अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर म्हणाले, चौकशीला बोलावू. तिसऱ्यांदा साहेब भेटले. "भाऊ, हा व्यवहाराचा विषय आहे, दिवाणी कोर्टात जा." बाजार समितीत गेलो तर ते म्हणतात आवाराबाहेरचा सौदा, आमचा संबंध नाही.

तालुक्यातला एक वकील म्हणतो १५६(३) करू. दुसरा म्हणतो ते कलमच आता राहिलं नाही. कोणाचं खरं?

चहाटळ | २ एप्रिल

१ लाख रोख घेतले त्याची पावती त्याला दिलीत का? उगाच विचारतोय.

काळाकोट | २ एप्रिल

दोन्ही वकिलांचं खरं आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या १५६(३) चं काम, म्हणजे दंडाधिकाऱ्यानं पोलिसांना तपासाचा आदेश देणं, आता कलम १७५(३) करतं. जुन्या सवयीनं आम्ही अजून 'वन फिफ्टी सिक्स थ्री'च म्हणतो, न्यायाधीशही म्हणतात. पण नुसता आकडा बदललेला नाही, त्याबद्दल खाली लिहितो.

त्याआधी तुमचं घड्याळ बघा. चेक परत आल्याचं १८ मार्चला कळलं. तिथून ३० दिवसांत, म्हणजे १७ एप्रिलच्या आत, चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर तुम्हाला तक्रार दाखल करायला एक महिना. हे परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८. 'खाते बंद' हा शेराही त्यात बसतो, आणि तक्रार तुमची बँक जिथे आहे तिथल्या कोर्टात चालते, त्याच्या गावी जावं लागत नाही. ही केस आणि फसवणुकीचा गुन्हा दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. ठाण्याच्या पायऱ्या चढण्यात ही मुदत घालवू नका. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक ती घालवूनच येतात.

आता मुख्य प्रश्न. तुम्ही ठाण्यात जो अर्ज दिलात, त्याच्या शेवटी काय लिहिलं होतं? शब्द न शब्द टाका इथे.

बागाईतदार | २ एप्रिल

"तरी मेहेरबान साहेबांनी सदर व्यापाऱ्यास बोलावून समज द्यावी व माझे कष्टाचे पैसे मिळवून द्यावेत ही नम्र विनंती."

काळाकोट | ३ एप्रिल

वाटलंच.

या एका वाक्यानं तुम्ही साहेबांच्या हातात आयतं उत्तर दिलंत. पोलीस ठाणं हे वसुलीचं कार्यालय नाही, आणि पैसे मिळवून द्या म्हटलं की ते बरोबर म्हणतात, दिवाणीत जा. उद्या कोर्टात हाच कागद लावाल तेव्हा सरकारी वकील हेच वाक्य वाचून दाखवतील.

अर्ज नव्यानं लिहा. त्यात मागणी एकच: दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलिसांना कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो) घडलेला आहे, तो नोंदवून तपास व्हावा. पैशाचा आकडा हकिकतीत येईल, मागणीत नाही. मला तुमच्या हकिकतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, बंद खात्याचे चेक. ते खातं कधी बंद झालं? दोन, बाकीचे पाच शेतकरी. त्यांचे सौदे कोणत्या तारखांचे?

माजी_अंमलदार | ३ एप्रिल

३१ वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच टेबलाच्या त्या बाजूला. म्हणून चार शब्द.

गुन्हा का नोंदवत नाहीत याची कारणं तुम्हाला वाटतात तेवढी काळी नसतात, आणि साहेब सांगतात तेवढी पांढरीही नसतात. गुन्हा दाखल झाला की आकडा वाढतो, वाढला की आढावा बैठकीत उभं राहावं लागतं. फसवणुकीचा तपास म्हणजे बँकेला पत्रं, मोबाइल कंपनीला पत्रं, परजिल्ह्यात पथक. माणसं कुठून आणायची? म्हणून मग 'अर्ज चौकशी' नावाचं कपाट आहे. अर्ज त्यात जातो, सहा महिन्यांनी 'अर्जदार यांना दिवाणी न्यायालयात दाद मागण्याबाबत समज दिली' असा शेरा मारून निकाली निघतो. मारहाणीत एनसी (अदखलपात्र नोंद) देऊन बोळवण करतात, पैशाच्या भानगडीत अर्ज चौकशी. पद्धत तीच.

पोच देत नसतील तर भांडत बसू नका. तोच अर्ज टपालानं ठाण्याला पाठवा आणि पोचपावती जपा. टपालाला कोणी नाही म्हणू शकत नाही. अजून एक: सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर २०२० च्या निकालाप्रमाणे ठाण्यात सीसीटीव्ही असायला हवेत आणि चित्रीकरण दीड वर्ष, निदान एक वर्ष तरी ठेवायला हवं. तुम्ही कोणत्या तारखेला, किती वाजता ठाण्यात होतात ते आजच वहीत लिहून ठेवा. पुढे कोणी 'अर्जदार आलेच नाहीत' म्हणालं तर कामाला येईल.

शुभदा_क | ३ एप्रिल

पण गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे ना? ललिता कुमारी निकालाचं इतकं ऐकलंय. मग सरळ हायकोर्टात रिट का नाही करायची?

काळाकोट | ३ एप्रिल

शुभदाताई, बंधनकारक आहेच. नोव्हेंबर २०१३, पाच न्यायाधीशांचं घटनापीठ. अल्पवयीन मुलीला पळवल्याची तक्रार घेऊन बाप ठाण्यात गेला, कोणी हललं नाही, त्यातून ते प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवायचाच, खरंखोटं नंतर तपासात बघायचं, असं कोर्टानं सांगितलं. पण त्याच निकालात काही प्रकारांना आधी प्राथमिक चौकशीची मुभा आहे: नवराबायकोचे वाद, वैद्यकीय निष्काळजीपणा, भ्रष्टाचार, फार उशिरा आलेल्या तक्रारी, आणि व्यापारी व्यवहार. बागाईतदारांचं घोडं नेमकं तिथे अडतंय.

रिटचं म्हणाल तर डिसेंबर २००७ च्या साकिरी वसू निकालापासून सुप्रीम कोर्ट सांगतंय की गुन्हा नोंदवला नाही म्हणून कोणी उठून हायकोर्टात येऊ नका, आधी पोलीस अधीक्षक, मग न्यायदंडाधिकारी. हायकोर्टं या अर्जांखाली बुडून जातील. अपवाद असतात, पण द्राक्षाच्या पैशाला तो अपवाद मिळणार नाही.

क्रम असा. कलम १७३(१) खाली ठाण्यात माहिती. नाकारली तर १७३(४) खाली तीच माहिती लेखी, टपालानं, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना. आयुक्तालय असेल तर परिमंडळाच्या उपायुक्तांना. तिथेही काही झालं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) चा अर्ज, शपथपत्रासह. मधली पायरी गाळली की अर्ज पहिल्याच तारखेला पडतो. पूर्वी काही कोर्टं चालवून घ्यायची. २०१५ च्या प्रियांका श्रीवास्तव निकालानं ते थांबलं. त्या प्रकरणात कर्ज थकवलेला माणूस वसुलीला आलेल्या अधिकाऱ्यांवरच १५६(३) चे अर्ज टाकत सुटला होता. तेव्हापासून शपथपत्र आणि आधीच्या दोन्ही पायऱ्यांचे कागद सक्तीचे झाले, आणि नव्या संहितेनं ते कलमातच घालून टाकलं. शपथपत्रात खोटं लिहिलंत तर तो स्वतंत्र गुन्हा, हे लक्षात ठेवा.

नव्या कलमात आणखी एक भर आहे: दंडाधिकाऱ्यानं आदेशाआधी पोलिसांचं म्हणणं विचारात घ्यायचं. म्हणजे ज्यांनी नाही म्हटलं त्यांनाच विचारायचं, का नाही म्हटलं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पोलिसांना पहिल्यांदाच आपलं 'नाही' कारणासह कागदावर उतरवावं लागतं, आणि मला ते आवडतं.

सातासमुद्रापार | ४ एप्रिल

मी परदेशातून ऑनलाइन तक्रार करू शकतो का? पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये भाडेकरूने

चहाटळ | ४ एप्रिल

भाडेकरूने काय? अर्ध्यावर सोडलंत.

काळाकोट | ४ एप्रिल

इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं माहिती देता येते, पण तीन दिवसांच्या आत सही करावी लागते, तेव्हाच ती नोंदली जाते. परदेशातून तिथेच घोडं पेंड खातं. वेगळा धागा काढा, हा भरकटेल.

उलटतपासणी | ४ एप्रिल

मी आरोपींची कामं करतो, त्यामुळे थोडं कडू लिहितो. बागाईतदार, तुमच्या व्यापाऱ्याचं वकीलपत्र माझ्याकडे असतं तर मी काय केलं असतं ते ऐका.

ऑगस्ट २०२४ चा दिल्ली रेस क्लबचा निकाल काढला असता. एक माणूस क्लबला घोड्यांसाठी ओट्स आणि दाणा पुरवत होता, ९ लाखांच्या वर बाकी थकली. त्यानं विश्वासघाताची फौजदारी लावली. सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. माल विकला की मालकी गेली, मग विश्वासानं सोपवलेलं असं काही उरतच नाही. शिवाय एकाच हकिकतीवर फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही लावता येत नाहीत, फसवणुकीत हेतू पहिल्या दिवसापासून खोटा असावा लागतो. दाण्याच्या जागी द्राक्षं घाला.

आणि तुमचा १ लाख रोख. मी म्हटलं असतं, हेतू खोटा असता तर माझ्या अशिलानं लाख रुपये कशाला दिले असते? बाजार पडला, तो बुडाला. बुडणं हा गुन्हा नाही.

म्हणून अर्जात ३१६ (विश्वासघात), ३१८ (फसवणूक), ३३६ (बनावट कागद) अशी कलमांची माळ लावू नका. तालुक्याच्या कोर्टात ही हौस फार आहे. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली) एक ३१८(४) घ्या, आणि त्याचा हेतू पहिल्या दिवसापासून खोटा होता एवढंच दाखवा.

बागाईतदार | ४ एप्रिल

उलटतपासणी साहेब, वाचून झोप उडाली, पण बरं झालं लिहिलंत.

आज पाचही जणांच्या घरी जाऊन आलो. सगळ्यांचे सौदे १४ ते २४ फेब्रुवारी या दहा दिवसांतले. सगळ्यांना थोडी रोख आणि बाकीचे चेक, त्याच एका खात्याचे. प्रत्येकाला त्यानं सांगितलं होतं की बाकीच्यांचा हिशोब चुकता झालाय. घरमालकाकडे आधारची झेरॉक्स दिली होती, त्यावरच्या पत्त्यावर माझा मेहुणा गाडी घेऊन जाऊन आला. तिथे त्या नावाचं कोणी राहत नाही, कधी राहिलेलं नाही. काट्याच्या चिठ्ठ्या, व्हॉट्सॲपवरचे फोटो, गाडीचा नंबर आहे.

खातं कधी बंद झालं ते विचारायला त्या बँकेत गेलो. दुसऱ्याच्या खात्याची माहिती देत नाही म्हणाले.

काळाकोट | ५ एप्रिल

झालं, तुमचा अर्ज इथेच तयार झाला.

बँकेनं माहिती नाकारली ना? तेच तुमचं सर्वांत मोठं कारण आहे. दंडाधिकाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, १७५(३) खाली पोलिसांना गुन्हा नोंदवून तपास करायला सांगणं. दुसरी, कलम २२३ खाली तुमचीच खाजगी फिर्याद म्हणून चालवणं: तुम्ही शपथेवर जबाब द्या, साक्षीदार आणा, पुरावा तुमचा तुम्ही गोळा करा. पुष्कळदा कोर्ट म्हणतं, पुरावा सगळा तुमच्या हातात आहे, पोलीस कशाला हवेत? तेव्हा तुम्हाला सांगता आलं पाहिजे की खातं उघडतानाची आणि बंद करतानाची कागदपत्रं, मोबाइलचे तपशील, तो आधार कोणाचा, माल कोणत्या मार्केटला उतरला, हे काहीही सामान्य माणूस मिळवू शकत नाही, हे तपासानंच मिळेल. अर्जात हा परिच्छेद ठळक हवा. एकदा तुमचा शपथेवर जबाब सुरू झाला की पहिल्या वाटेवर परत येणं अवघड, म्हणून हे आधी.

दंडाधिकारी डोळे झाकून आदेश देणार नाहीत, द्यायचाही नसतो. याच जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं गुन्हा नोंदवण्याचा आदेशच रद्द केला. तक्रारीत गुन्ह्याचे घटक दिसत नसताना यांत्रिकपणे आदेश दिला, असं म्हटलं. त्यामुळे अर्ज वाचल्यावर हेतू आपोआप दिसला पाहिजे: दहा दिवस, सहा शेतकरी, एकच बंद खातं, खोटा पत्ता, आणि "बाकीच्यांचे दिले" ही थाप.

१ लाख रोख लपवू नका. चहाटळनं पहिल्याच दिवशी दुखरी नस पकडली होती. स्वतः लिहा. सहाही जणांना तशीच थोडी रोख दिली म्हणजे ते गळाला लावलेलं आमिष होतं, हे कोर्टाला दिसेल. लपवलंत आणि समोरच्यानं काढलं तर शपथपत्र खोटं ठरेल.

व्हॉट्सॲपच्या छापील प्रती लावताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडा. कोर्टात द्यायच्या शपथपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, कोणी ५०० चा आणायला सांगितला तर आणू नका.

शुभदा_क | ५ एप्रिल

वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करता येतो. महाराष्ट्रात ३ लाख वार्षिक उत्पन्नापर्यंत मोफत वकील मिळतो, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अटच नाही. पाचांपैकी कोणी बाई असतील तर सांगा त्यांना.

माजी_अंमलदार | ५ एप्रिल

अधीक्षकांकडे नुसतं टपाल पाठवून थांबू नका, प्रत्यक्षही भेटा. माणूस चांगला असेल तर कोर्टाची गरज पडत नाही. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्रात प्रताप दिघावकर महानिरीक्षक असताना शेतकऱ्यांना बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांवर धडाधड गुन्हे दाखल झाले, कित्येकांनी तर गुन्ह्याच्या भीतीनंच पैसे आणून दिले. कायदा तोच होता. फक्त वरून फोन आला होता.

रानवारा | ६ एप्रिल

बाजार समितीनं हात वर केले त्यात नवल नाही. २०१६ ला फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, आवाराबाहेर कोणीही विकत घेऊ शकतो. शेतकऱ्याला मोकळीक मिळाली हे खरं, पण बांधावर येणाऱ्या माणसाची कुंडली कोण ठेवणार, हे कोणी ठरवलंच नाही. आमच्याकडे आता आधार आणि चालू खात्याचा उतारा बघितल्याशिवाय कात्री लावू देत नाहीत. अर्थात बाजार पडला की हे नियम सगळ्यात आधी आम्हीच मोडतो.

उलटतपासणी | ६ एप्रिल

ठाण्यात कोणी तुम्हाला गुन्हा नोंदवण्याआधीची 'चौदा दिवसांची चौकशी' सांगेल. कलम १७३(३) मध्ये ती आहे, पण तीन वर्षं किंवा जास्त आणि सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना, आणि तीही उपअधीक्षकांच्या परवानगीनं. ३१८(४) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे ते त्यात बसत नाही. हे माझ्या पोटावर पाय देणारं आहे, तरी सांगतो.

बागाईतदार | ३० एप्रिल

थोडक्यात कळवतो. ५ एप्रिलला नवा अर्ज ठाण्याला टपालानं, ९ ला अधीक्षक कार्यालयाला. ७ ला चेकची नोटीस गेली. अधीक्षक भेटले नाहीत, वाचक शाखेनं अर्ज 'योग्य कार्यवाहीस्तव' आमच्याच ठाण्याला पाठवला. ठाण्यातून फोन आला, "वर कशाला गेलात?"

काल कोर्टात अर्ज दाखल केला. सहापैकी दोघांनी माघार घेतली. एकाच्या मुलीचं लग्न आहे, दुसऱ्याला भाऊबंदांनी घाबरवलं. बाकी तिघांची शपथपत्रं जोडली. पोलिसांना म्हणणं द्यायला सांगून पुढची तारीख पडली.

बागाईतदार | १९ जून

दोन तारखांना म्हणणं आलंच नाही. आज आलं, साडेतीन ओळी: "सदर प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असून अर्जदार यांचा पैसे वसुलीचा हेतू दिसून येतो." सोबत माझा तो जुना, पैसे मिळवून द्यावेत वाला अर्ज जोडलाय. काळाकोट साहेब, तुम्ही म्हणाला होतात तसंच.

न्यायाधीश बाईंनी सरकारी वकिलांना एकच विचारलं, खातं कधी बंद झालं याची चौकशी केली का? उत्तर नव्हतं. आदेशासाठी ठेवलंय.

चहाटळ | १९ जून

कुर्सी की पेटी बांध लो.

बागाईतदार | ८ जुलै

आदेश झाला. ३१८(४) खाली गुन्हा नोंदवून तपास करावा. परवा गुन्हा दाखल झाला, फिर्यादीची प्रत फुकट मिळाली. ज्या अंमलदारांनी पोच दिली नव्हती त्यांनीच टंकलेखन केलं, चहाही पाजला.

उलटतपासणी | ८ जुलै

अभिनंदन. आता झोपू नका. गुन्हा नोंदवून 'सी समरी' पाठवणं हा पुढचा डाव असतो: गैरसमजातून दाखल, दिवाणी स्वरूप, वगैरे. तशी आली तर कोर्ट तुम्हाला नोटीस काढेल, तेव्हा हजर राहून विरोध करा. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं आता कायद्यानंच बंधनकारक आहे, लेखी मागा. तपास रेंगाळला तर त्याच दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, त्यांना लक्ष ठेवण्याचा अधिकार आहे.

बागाईतदार | २७ सप्टेंबर

तपासी अंमलदार बदलले, नवीन पोरगा हुशार आहे. बँकेकडून उत्तर आणलं. खातं ९ डिसेंबरला बंद झालेलं. आमचा सौदा फेब्रुवारीत. म्हणजे चेकबुक घेऊनच फिरत होता.

परवा त्याच्या साडूचा फोन आला. मला एकट्याला २ लाख देतो म्हणतो, पुढच्या आठवड्यात, रोख. केस मागे घ्यायची. बाकी तिघांचं नंतर बघू म्हणे.

काळाकोट | २७ सप्टेंबर

गुन्हा तुमच्या नावानं नोंदला तरी खटला सरकारचा असतो, तुम्ही एकट्यानं 'मागे' घेऊ शकत नाही. या कलमात तडजोड होते, पण कोर्टाच्या परवानगीनं. पैसे घ्यायचे तर बँकेतून, कोर्टापुढे. ठाण्याच्या आवारात किंवा हॉटेलात कशावरही सही करू नका. तुमची १३८ ची केस त्यात धरली आहे का, हेही स्पष्ट करून घ्या. आणि फोन रेकॉर्ड झाला असेल तर जपून ठेवा.

रानवारा | २७ सप्टेंबर

एकट्याला देतो म्हणतोय यातच सगळं आलं. तुम्ही फुटलात की त्या तिघांची शपथपत्रं कोरडी पडली.

बागाईतदार | २८ सप्टेंबर

कळतंय हो. पण आठ दिवसांवर छाटणी आलीय, पेस्टचे आणि मजुरीचे पैसे उभे करायचेत, सोसायटीचं मागचं फिरलेलं नाही. २ लाखाला नाही म्हणताना जीभ जड होते.

आज संध्याकाळी तिघांनाही बागेत बोलावलंय. घेतलं तर चौघांचं मिळून घेऊ, असं माझ्या मनात आहे. ते काय म्हणतात बघतो आणि लिहितो.